संकलन अ‍ॅप आणि इंडिया कोड : एफआयआरचा दुसरा रकाना वाचायला किती उपयोगी?

एफआयआरची प्रत हातात पडली की घरात पहिला प्रश्न एकच असतो, "किती वर्षांची केस आहे?" उत्तर नमुन्यातल्या दुसऱ्या रकान्यात असतं. तिथं अधिनियमाचं नाव आणि पुढं नुसते आकडे. ते उलगडायला दोन फुकट सरकारी साधनं आहेत : राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरोचं 'संकलन' हे मोबाइल अ‍ॅप आणि 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ.

आधी संकलन. भारतीय न्याय संहिता (बीएनएस), नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आणि साक्ष अधिनियम हे तीन कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. जुन्या ५११ कलमांच्या भारतीय दंड संहितेच्या जागी आता ३५८ कलमांची बीएनएस आहे. जुनं कलम नव्यात कुठं गेलं याचा तक्ता या अ‍ॅपचा प्राण आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं, त्यामुळं पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात रेंज नसली तरी अडत नाही. सगळ्यांच्या तोंडात बसलेलं ३०२ आता बीएनएसमध्ये धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं शब्द उच्चारण्याचं कलम आहे. खून १०३(१) मध्ये गेलाय. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). गल्लीतल्या 'जाणकारां'कडून कलम समजून घेणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी हे अ‍ॅप ठेवावं.

वापरताना हमखास होणारी चूक तारखेची. कोणता कायदा लागतो हे गुन्हा घडल्याच्या तारखेवर ठरतं, नोंदवल्याच्या नाही. मार्च २०२४ मधल्या फसवणुकीची फिर्याद पुढच्या वर्षी दिली तरी कलम जुनंच लागतं. म्हणून दुसऱ्या रकान्याआधी तिसरा रकाना, म्हणजे घटनेची तारीख, वाचा.

आता खरी परीक्षा. कोल्हापुरात रंकाळा चौपाटीवर मारामारी झाली, काठ्या निघाल्या, असा गुन्हा असेल तर रकान्यात साधारण हे दिसतं : बीएनएस ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३) सह १३५. पहिल्या पाचांपुरतं संकलन चोख काम करतं. घातक हत्यारानं दुखापत : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साधी दुखापत : एक वर्षापर्यंत. शांतताभंगासाठी अपमान : दोन. धमकी : दोन. घाबरलेली माणसं लगेच बेरीज करून आठ वर्षं म्हणतात. ते चूक. प्रत्येक आकडा 'पर्यंत'चा असतो, आणि शिक्षा एकत्र भोगायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ३(५) ला तर स्वतंत्र शिक्षाच नाही. सगळ्यांचा समान इरादा होता एवढंच ते सांगतं. पण तेच सर्वांत महागात पडतं, कारण काठी एकानं मारली तरी बाकीचे त्या कृत्याला तितकेच जबाबदार धरले जातात.

शिक्षा कळली तरी अटक होईल का, जामीन कुठं मिळेल, हे त्या कलमात लिहिलेलं नसतं. ते बीएनएसएसच्या पहिल्या अनुसूचीत असतं, आणि इथं इंडिया कोड उघडावं. बीएनएसएसची पूर्ण पीडीएफ घ्या आणि थेट शेवटाकडे जा. अनुसूचीत सहा रकाने आहेत : कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास आणि अटक करता येते असा) की नाही, जामीनपात्र की नाही, खटला कोणत्या न्यायालयात. ११५(२) समोर अदखलपात्र दिसेल आणि "मग पोलीस तपास कसा करतात?" असा प्रश्न पडेल. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी पूर्ण प्रकरण दखलपात्र धरतात (बीएनएसएस १७४). इथं ११८(१) मुळं तसं होतं.

राहिलं पोलीस अधिनियमाचं कलम. हा राज्याचा कायदा, १९५१ चा. संकलनचा मुख्य विषय नवे केंद्रीय कायदे, त्यामुळं तिथं शोधत बसू नका. इंडिया कोडवर राज्य म्हणून महाराष्ट्र निवडलं की हा अधिनियम, १९४९ चा दारूबंदी अधिनियम आणि मटक्याच्या गुन्ह्यात लागणारा १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम, तिन्ही सापडतात. शोधाची खिडकी मात्र हट्टी आहे. नाव जरा चुकलं की रिकामं पान. वर्ष टाकून शोधलेलं बरं. अशा कायद्यात दखलपात्रतेबद्दल वेगळं काही म्हटलं नसेल तर पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग लागू होतो : तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र.

राज्याच्या दुरुस्त्या हा सगळ्यात निसरडा भाग. सरकारी नोकरावर हल्ल्याचं जुनं ३५३ मूळ कायद्यात दोन वर्षांचं, पण महाराष्ट्रानं ते पाच वर्षांपर्यंत नेलं होतं. बीएनएसमधलं त्याचं भावंड, १३२, पुन्हा दोन वर्षांचं आहे. जुन्या तारखेची केस असेल आणि तुम्ही नुसता तक्ता पाहिलात तर आकडा चुकलाच.

प्रतच हातात नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर'मध्ये जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा भरून पाहा. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरी ठाण्यांत गल्लत करू नका, हद्दी लागूनच आहेत. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील एफआयआर तिथं टाकत नाहीत. फिर्यादीला प्रत ठाण्यातूनच फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

एक गोष्ट दोन्ही साधनं वापरूनही सुटते, म्हणून बीएनएसएसचं ३५९ मुद्दाम उघडा. तडजोड कोणत्या कलमात चालते याची यादी तिथं आहे. वरच्या उदाहरणातलं ११५(२) त्यात आहे, ११८(१) नाही. त्यामुळं "आम्ही घरात मिटवलं" म्हणून तारीख चुकवली तर वॉरंट निघतं. तिथं उरतो तो बीएनएसएस कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्यानं त्यासाठी मुंबईची फेरी वाचते.