विहीर की बोअर? आधी खालचा खडक बघा

बोअर एका रात्रीत होतं, विहिरीत अख्खा उन्हाळा जातो. बहुतेक जण एवढ्याच हिशेबावर ठरवतात. खाली काय आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. पाणी असतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या दगडात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. मधला घट्ट पाषाण भेग नसेल तर कोरडाच.

अशा खडकात पाणी येतं ते पाझरून, सावकाश. म्हणून साठवायला जागा हवी. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असलं, तरी ते सुमारे ८९ हजार लिटर भरतं. साडेसहा इंची, तीनशे फुटी बोअर काठोकाठ भरलं तरी जेमतेम दोन हजार लिटर! विहीर रात्रभर भरते, सकाळी उपसता येते. बोअरचा सगळा भरवसा लागलेल्या भेगेवर. ती तगडी असेल तर नशीब. नाहीतर मोटर थोड्याच वेळात हवा ओढू लागते.

बोअर चालू असताना गाडीपाशी उभं राहा. राखाडी फुफाटा उडतोय तोवर घट्ट पाषाण. तांबडा गाळ आला, तर दोन थरांमधली गेरूसारखी माती लागली. ती ढासळते, तिथे केसिंगवर, म्हणजे बोअरला आतून आधार देणाऱ्या पाइपवर, पैसे वाचवू नका. आणि 'अजून शंभर फूट जाऊ' या आग्रहाला बळी पडू नका. पाषाणात खोल जाल तशा भेगा सहसा विरळ होतात, शिवाय २००९ च्या राज्य भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरखाली जायला मनाई आहे.

मग बोअर कधी? घरच्या पिण्यापुरतं पाणी हवं असेल, जागा अडवायची नसेल, तेव्हा खुशाल घ्या. जळगावकडच्या तापी-पूर्णेच्या गाळात तर ट्यूबवेलच बरी; वाळू-गोट्यांचे पाणीदार थर खोल असतात आणि उघडी खोदाई ढासळते. कोकणात जांभ्यात विहीर खणणं सोपं, पण उतारावर पाणी लवकर निघून जातं.

बागायतीसाठी, पाषाणाच्या मुलखात माझं मत विहिरीला. खर्च कितीतरी जास्त, दगड-माती वर काढायला यारी लावा, सुरुंग लावा, हे खरंच. जुनी विहीर असेल तर नव्या बोअरआधी तिच्यातच आडवे बोअर मारून बघा.

पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तरी शेजारच्या दोन-चार विहिरी बघून याच. त्याही दिवाळीत नको, मे महिन्यात. झरे कोणत्या थरातून येतात आणि उपसा थांबल्यावर पाणी किती वेळात चढतं, ते त्यांच्या मालकांना विचारा.