जुन्या घरातलं लाकूड: पॉलिश की ऑइल पेंट?

पेठेतलं घर रंगवायला काढलं की भिंतींचा रंग चहाच्या कपासोबत ठरतो. घोडं अडतं ते दारं, चौकटी आणि कडीपाटाशी, म्हणजे लाकडी छताशी. रंगारी म्हणतो, "ऑइल पेंटचे दोन हात मारू, चकाचक." घरातलं कुणीतरी म्हणतं, "अहो, खाली सागवान आहे!"

आधी दाराच्या मागे, बिजागरीजवळ तळहाताएवढा रंग काढून बघा. आमच्या शनिवार पेठेतल्या घरी पांढऱ्याखाली पोपटी, पोपटीखाली निळा आणि त्याखाली मधाच्या रंगाचं सागवान निघालं. शेजारच्या चौकटीत मात्र वाळवीने खाल्लेला भाग काढून कुणीतरी भलत्याच लाकडाचा तुकडा ठोकलेला, वरून लांबी (पुट्टी) भरलेली. असं ठिगळ पॉलिशखाली लपत नाही. तिथे ऑइल पेंटच.

पॉलिश महाग पडतं ते पॉलिशमुळे नाही, खरवडण्यामुळे. ऑइल पेंटला जुना थर घट्ट असेल तर घासून, प्रायमर मारून भागतं. पॉलिशला नक्षीच्या खाचांतूनही रंग पूर्ण निघावा लागतो. म्हणून दर विचारताना 'रंग काढून पॉलिश' असा विचारा, नाहीतर अर्ध्या कामात आकडा वाढतो.

घासणं दोन्हींत आलंच, आणि खरी काळजी तिथे हवी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू देऊ नका. पाणी मारून घासा किंवा रिमूव्हर लावून खरवडा, आणि लहान मुलांना तेवढे दिवस आत्याकडे पाठवा. याच कारणासाठी कडीपाट आम्ही खरवडलाच नाही. डोक्यावरचा कचरा डोळ्यात घेण्यापेक्षा पुन्हा पांढरा दिला.

पॉलिशमध्येही दोन वाटा आहेत. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख फडक्यातल्या कापसाच्या बोळ्याने चढवतात. ओरखडा पडला तर तेवढ्यापुरता हात फिरवता येतो, पण पाण्याने पांढरे डाग पडतात. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, पाण्याला दाद देत नाही, मात्र बिघडला तर तुकड्यापुरती दुरुस्ती उठून दिसते. दारावर पाण्याचा पेला कोण ठेवतो? दारांना लाख, पावसाची झड येते त्या खिडकीला पीयू. आणि गणपतीच्या आत उरकायची घाई नको: दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळीनंतर काढा.

भिंतींबद्दल थोडक्यात. गिलावा चुन्याचा असेल आणि तळाशी लोणा (ओलीने फुटणारा खार) लागला असेल, तर प्लास्टिक इमल्शन ओल आत कोंडतं आणि पापुद्रे धरतं. तिथे चुनाच बरा, जरी पाठ टेकली की शर्ट पांढरा होतो. कोरड्या भिंतीला इमल्शन खुशाल द्या.

ठिगळाच्या चौकटीला कुठला रंग, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. शेवटी आईने पोपटीच द्यायला लावला.