इंग्लंडात हॉटेल किंवा दुकान चालवताय? पाण्याची कंपनी बदलावी की आहे तीच ठेवावी

१ एप्रिल २०१७ पासून इंग्लंडमधल्या दुकानांना, हॉटेलांना, कारखान्यांना पाण्याची कंपनी निवडता येते. घरांना ही मुभा नाही. स्कॉटलंडनं हे २००८ मध्येच केलं होतं. वेल्समध्ये मात्र वर्षाला पाच कोटी लिटरच्या वर पाणी वापरणाऱ्यालाच ही सोय आहे. कार्डिफमध्ये वडापाव विकणाऱ्यानं इथंच थांबलं तरी चालेल.

कंपनी बदलली म्हणून पाणी बदलत नाही. स्लाऊमधल्या तुमच्या नळाला टेम्स वॉटरचंच पाणी येणार, रस्त्यातला पाइप फुटला तरी तेच धावणार. बदलतो तो बिल पाठवणारा, मीटर वाचणारा आणि फोन उचलणारा. बिलातला नव्वद टक्क्यांच्या आसपास पैसा पाणी पुरवणाऱ्या या घाऊक कंपनीकडेच जातो. उरलेल्या चिमटीभर रकमेवर बिल पाठवणाऱ्या किरकोळ कंपन्यांची झटापट चालते. त्यामुळे ‘बिल निम्मं करून देतो’ म्हणणारा दलाल दारात आला, तर चहा पाजा, सही करू नका.

काहीच केलं नाही तर? मग तुमची किरकोळ कंपनी तुमचा भाग ठरवतो. टेम्सचे व्यावसायिक ग्राहक कॅसल वॉटरकडे गेले. लेस्टर-मँचेस्टरकडे वॉटर प्लस, ही सेव्हर्न ट्रेंट आणि युनायटेड युटिलिटीज यांची जोडकंपनी. ब्रायटनकडे बिझनेस स्ट्रीम, म्हणजे मूळची स्कॉटिश वॉटरची. करार न केलेल्यांच्या दरावर ऑफवॉट या नियामक संस्थेची कमाल मर्यादा आहे. एकच छोटं दुकान असेल आणि बिलं वेळेवर, बरोबर येत असतील, तर मी हलणार नाही.

तीन गावांत तीन शाखा असतील तर मात्र बदलाच. तीन कंपन्यांची तीन बिलं आणि तीन तारखा सांभाळण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि तो दरातल्या फरकापेक्षा महाग असतो. हॅरोसारख्या भागात पाणी अ‍ॅफिनिटीचं आणि गटार टेम्सचं, पण दोन्हीचा हिशेब एकाच किरकोळ कंपनीकडे देता येतो.

स्वतःच परवाना काढून घाऊक भावानं पाणी घेण्याचाही मार्ग आहे. पब-हॉटेलांच्या साखळ्या चालवणाऱ्या ग्रीन किंग, व्हिटब्रेड यांनी तो धरला. शेकडो पब असले तर विचार करा.

खरा पैसा सांडपाण्याच्या ओळीत दडलेला असतो. आत आलेलं जवळपास सगळं पाणी गटारात जातं, असं धरून आकारणी होते. बेकरीत ते पिठात जिरतं, लाँड्रीत वाफ होऊन उडतं, ते वजा करून मागता येतं. छपरावरचं पावसाचं पाणी गटारात न जाता शोषखड्ड्यात जात असेल, तर तो आकारही कमी होऊ शकतो. यांतल्या कशासाठीच कंपनी बदलावी लागत नाही.

बदलायचंच ठरलं तर दराआधी मीटरचं विचारा. बहुतेक मीटर वर्षातून दोनदा तरी वाचले जायला हवेत, पण फुटपाथच्या झाकणाखालचा मीटर कुणी शोधतच नाही आणि अंदाजी बिलं येत राहतात. मग एक दिवस फरकाची रक्कम एकदम अंगावर येते. करार किती महिन्यांचा, आगाऊ रक्कम किती, हे लेखी घ्या. हस्तांतराच्या दिवशी झाकण उचलून आकड्याचा फोटो स्वतः काढा, त्यात मीटरचा क्रमांकही दिसला पाहिजे.