बेटापेक्षा वाट बरी : मुंबई–लक्षद्वीप क्रूझवरचा भर समुद्रातला दिवस

मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे वेळापत्रक उघडले, तर पहिल्या दिवसापुढे मुंबई, तिसऱ्या दिवसापुढे बेट आणि शेवटी पुन्हा मुंबई अशी नावे दिसतात. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मात्र जहाज समुद्रात असेल, एवढीच नोंद असते. नागपुरातल्या आमच्या ट्रॅव्हल एजंटने हा दिवस नुसता प्रवासात जाणारा म्हणून झटकन ओलांडला आणि तो बेटावरच्या स्नॉर्केलिंगची छायाचित्रे दाखवू लागला. प्रत्यक्ष जाऊन आल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. भाड्याचे पैसे वसूल होतात ते त्या रिकाम्या दिवशी, आणि जहाजाची खरी पारख होते तीही त्याच दिवशी. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या एका दिवसाचे आहे.

या मतामागे एक व्यवहारी कारणही आहे. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची असून त्यांच्या सभोवती उथळ पाणी आहे, त्यामुळे एवढे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. समुद्र खवळलेला असला, तर हे उतरणे रद्द होऊ शकते, आणि उतरता आले तरी हाती लागतात ते काही तास. भारतीय नागरिकांनाही तेथे प्रवेश परवाना लागतो, ती कागदपत्रे नोंदणीच्या वेळीच द्यावी लागतात. थोडक्यात, बेट मिळेल की नाही हे वाऱ्यावर ठरते. भर समुद्रातला दिवस मात्र ठरल्याप्रमाणे मिळतो.

नागपूरकराच्या हिशेबात क्रूझच्या भाड्याखेरीज मुंबईपर्यंतचा खर्च आधीच धरायला हवा. रात्री निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचणारी दुरंतो सोयीची आहे, आणि तेथून जहाज सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का अगदी जवळ आहे. परंतु जहाज कोणासाठी थांबत नाही आणि चढण्याची मुदत सुटण्याच्या बरीच आधी संपते. गाडी उशिरा आली तर सगळीच सहल बुडेल, या धास्तीने आम्ही आदल्या दिवशीच मुंबई गाठली. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून ७०१ किलोमीटरचे अंतर मोटारीने कापून येणारेही पुष्कळ आहेत, पण त्यांना दक्षिण मुंबईत इतके दिवस गाडी उभी करण्याची व्यवस्था आधी पाहावी लागेल.

जहाजावर पाय ठेवल्यावर पहिले काम असते ते आपत्कालीन कवायतीचे. सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जमायचे आणि लाईफ जॅकेट कसे घालायचे ते पाहायचे. आमच्या आजूबाजूचे बरेच जण ही वेळ सेल्फी काढण्यात घालवत होते. पूर्वी ही कवायत प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलून ती सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. ती अर्ध्या तासाची शिस्त कर्मचाऱ्यांनी न चिडता पाळून घेतली, याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

आता त्या दिवसाविषयी. सूर्योदयापूर्वी वरच्या डेकवर जावे, कारण तोवर तेथे चहाचे यंत्र आणि डेक धुणारे दोन-चार कर्मचारी यांच्याशिवाय कोणी नसते. मुंबईच्या बंदरातले गढूळ, हिरवट पाणी रात्रीत मागे पडलेले असते आणि उजाडता उजाडता खाली दाट निळा रंग दिसू लागतो. जहाजाचे नाक पाणी कापते तेथून मधूनच उडते मासे निघतात आणि पाण्याला समांतर बरेच अंतर तरंगत जाऊन पुन्हा आत शिरतात. ते पाहण्यासाठी कठड्याशी पुढच्या बाजूला उभे राहावे लागते आणि थोडा धीर धरावा लागतो. चारही बाजूंना क्षितिजाची अखंड गोल रेषा असते, एखादे मालवाहू जहाज दूरवरून जाते, आणि करण्यासारखे काहीही नसते.

केबिनमधल्या दूरचित्रवाणीवर एक वाहिनी केवळ जहाजाचे स्थान, दिशा आणि वेग दाखवते. मला ती सर्व करमणुकीपेक्षा अधिक आवडली. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि लक्षद्वीपमधले अगत्ती बेट ११ अंशांच्या किंचित खाली. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, तेव्हा सरळ दक्षिणेकडे मोजले तरी हे अंतर ४८० सागरी मैलांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ९०० किलोमीटर भरते. नागपूर ते मुंबई या लोहमार्गाहून ते फार जास्त नाही. दुरंतो जे अंतर एका रात्रीत तोडते, जवळजवळ तेच तोडायला आमच्या जहाजाने रात्र, पूर्ण दिवस आणि पुन्हा रात्र घेतली, कारण पडद्यावरचा आकडा बहुतेक वेळ बारा-तेरा नॉटच्या, म्हणजे ताशी २२ ते २४ किलोमीटरच्या आसपास होता. एवढ्या वेगाने जाणारे वाहन स्कूटरवाल्यालाही पटणार नाही, पण या सहलीचे सुख त्या मंदपणातच आहे.

डेकवर कोठे बसावे, याचा विचार बहुतेक प्रवासी करत नाहीत आणि दुपारी भाजून निघतात. जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेकडे असते, त्यामुळे सकाळी ऊन डाव्या बाजूला आणि सावली उजव्या बाजूला मिळते. दुपारनंतर हे उलटते. परतताना तोंड उत्तरेकडे झाल्यामुळे सगळा हिशेब पुन्हा बदलतो. वाऱ्याचेही तसेच आहे. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वारा बहुधा उत्तरेकडून असतो. जाताना तो पाठीशी असल्यामुळे जहाजाच्या वेगाशी त्याची वजाबाकी होते आणि डेकवर हवा जवळजवळ स्तब्ध वाटते. परतताना दोहोंची बेरीज होते, टोपी उडते आणि ज्येष्ठांना शाल लागते.

माझ्या वडिलांनी खालच्या डेकवरची छताखालची एक खुर्ची सकाळीच हेरली आणि जेवणाची वेळ सोडता ती सोडली नाही. मी त्यांना जादूचे प्रयोग, प्रश्नमंजूषा, नृत्यवर्ग अशी कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. ‘‘अरे, पैसे भरून बसायलाच तं आलो ना आपण? मंग बसू दे ना.’’ या जहाजावर इतक्या वेळ बसू देणारी सावलीची जागा होती, आणि दर तासाला कोणी येऊन काही विकायचा प्रयत्न केला नाही, हे माझ्या लेखी त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

तेथेच त्याची सर्वांत मोठी उणीवही आहे. जलतरण तलावाचा डेक सकाळी दहापासून ध्वनिवर्धकाच्या ताब्यात जातो, आणि वरचा प्रशस्त मोकळा भाग नेमका त्याच्या टप्प्यात येतो. समुद्रावर येऊन लग्नाच्या वरातीतली गाणी ऐकायची ज्यांना हौस आहे त्यांनी ती जरूर ऐकावीत, परंतु अशा जहाजावर एक तरी उघडा डेक पूर्ण शांत ठेवण्याचा नियम असायला काय हरकत आहे, हे मला समजले नाही. तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर पहाटे टॉवेल टाकून त्या दुपारपर्यंत अडवून ठेवण्याची रीतही तेथे चालू होती आणि कर्मचारी त्याकडे कानाडोळा करत होते.

जहाज हलते का, हा प्रश्न नागपुरात सर्वांनी विचारला. कोकणातल्या माणसाला कोकणबोटीच्या कहाण्या निदान आजोबांकडून तरी ऐकायला मिळतात; आमची जलसफर नागपुरातल्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांपलीकडे फारशी गेलेली नसते. आधुनिक प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी करतात, पुढे-मागे होणारी झोक्याची हालचाल मात्र त्यांना रोखता येत नाही. म्हणून केबिन निवडताना वरच्या मजल्याचा मोह टाळून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाजवळची मागावी, कारण हालचाल तेथे सर्वांत कमी जाणवते. बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसले नाही. खिडकी मात्र हवीच, कारण आतल्या बाजूच्या केबिनमध्ये दिवस आहे की रात्र, हे घड्याळाखेरीज कळत नाही. मळमळीची गोळी घ्यायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. त्रास सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो.

जेवण भाड्यात धरलेले होते आणि ते भरपूर होते. शाकाहारी आणि जैन पदार्थ वेगळे मांडलेले असल्यामुळे ज्येष्ठांची पंचाईत झाली नाही. सावजीची सवय असलेल्या जिभेला सगळेच थोडे मवाळ वाटेल. नऊच्या सुमारास बुफेपाशी उडणारी झुंबड टाळायची असेल, तर साडेसातलाच न्याहारी उरकावी. घरून डबा भरून नेण्याचा बेत कोणी करू नये, खाण्याच्या वस्तूंवर चढतानाच बंधने असतात आणि ती चिवड्यालाही लागू पडतात. जहाजावरच्या दुकानातली आणि बारमधली खरेदी रोखीने होत नाही, केबिनच्या कार्डावर मांडली जाते, त्यामुळे खर्चाचा अंदाज हातातून निसटतो. शेवटच्या सकाळी रांगेत उभे राहून वाद घालण्यापेक्षा मधल्या दिवशीच स्वागतकक्षातून हिशेब मागून घेतलेला बरा.

किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज जाते. जहाजावरील उपग्रहाद्वारे मिळणारी सेवा महाग असते आणि फोनने स्वतःहून तिच्याशी संपर्क जोडला तर मोठे बिल येऊ शकते, म्हणून बंदरातून निघतानाच तो एअरप्लेन मोडवर टाकावा. आम्ही जहाजाचे वाय-फाय घेतले नाही. पहिल्या सकाळी हात उगाचच खिशाकडे जातो, दुपारनंतर जात नाही.

रात्री मुख्य सभागृहातला कार्यक्रम संपण्याआधीच मागच्या डेकवर गेलो. दिव्यांचा उजेड त्रासदायक होता, तरी दक्षिणेकडे अगस्तीचा तारा ओळखता आला. नागपूरच्या आकाशात तो क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर चढतो आणि इमारतींमागे हरवतो. येथे तो २३ अंशांच्या आसपास, निर्धास्त दिसत होता. बसल्या जागी आपण किती दक्षिणेला सरकलो, हे त्या वाहिनीवरच्या आकड्यांहून त्याने अधिक चांगले सांगितले. जहाजाने निदान रात्री तासभर मागच्या डेकवरचे दिवे मंद केले, तर या सेवेसाठी मी जास्तीचे पैसेही देईन.

सहल ठरवताना मे आणि जून टाळावेत, मोसमी पावसाचे महिने तर टाळावेतच. जानेवारी-फेब्रुवारीत अरबी समुद्र सहसा शांत असतो. दिवाळी आणि नाताळाच्या सुटीत जहाज लहान मुलांनी आणि लग्नाच्या मोठ्या गटांनी भरलेले असते, तेव्हा शांत खुर्ची मिळण्याची आशा धरू नये. लहान मुलांसह जाणाऱ्या कुटुंबांना मी लक्षद्वीपऐवजी गोव्याची छोटी फेरी सुचवेन, कारण भर समुद्रातला पूर्ण दिवस आठ-दहा वर्षांच्या मुलाला जड जातो आणि मग तो त्याच्या आई-वडिलांनाही जड जातो. ज्येष्ठांसाठी मात्र केबिन नोंदवतानाच ती लिफ्टजवळची आहे ना, हे जहाजाच्या आराखड्यावर बोट ठेवून विचारून घ्यावे. एजंट ते आपणहून सांगत नाही.