इंदूरला घराची सर्व्हिस लाइन (खांबापासून मीटरपर्यंतची तार) थ्री फेज करून घेतली, ठेकेदाराच्या कामाचा अनुभव

राजेंद्र नगरच्या पुढे बिजलपूरच्या अंगाला आमचं घर, आणि वीज कंपनीच्या शेवटच्या खांबापासून आमच्या मीटरपर्यंत अंतर आहे 80 मीटर, मधे शेजाऱ्यांचं सोयाबीनचं शेत. घर बांधलं तेव्हा दोन पंखे, फ्रिज आणि ट्यूबलाइट एवढंच होतं म्हणून सहा एमएमची (म्हणजे सहा चौरस मिलिमीटर जाडीची) दोन कोरची, आत दोन तारा असलेली अल्युमिनियम केबल जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेवर लटकवून आणली होती आणि तेव्हा काहीच त्रास नव्हता. मग एक एसी आला, सासूबाईंच्या खोलीत दुसरा आला, गीझर, बोअरची मोटर, आणि मे महिन्यात संध्याकाळ झाली की मोटर नुसती गूं गूं करायची, उठायचीच नाही. दीड वर्षात दोनदा रिवाइंडिंग केलं, म्हणजे मोटरच्या आतली तार नव्याने गुंडाळून घेतली. व्होल्टेज कमी पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापून जळतं, हे मला दुसऱ्यांदा पैसे देताना कळलं.

आधी जो इलेक्ट्रिशियन बोलावला होता त्याने केबल बघितली, म्हणाला ही 30 अँपिअर आरामात घेते, केबलचा काही प्रॉब्लेम नाही, मोठा स्टॅबिलायझर लावा. लावला. आठ दिवस बरं वाटलं, मग परत तेच. त्याचा राग येतो तो एवढ्यासाठीच की 30 अँपिअरने केबल जळणार नाही हे त्याचं बरोबर होतं, पण 80 मीटर जायचे आणि 80 यायचे असे 160 मीटर अल्युमिनियम मधे आहे याचा हिशोबच त्याने केला नाही. आणि स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवून देतो ना, त्यासाठी लाइनमधून उलट अजून करंट घेतो, म्हणजे तार अजून दमते.

आता ज्याचं काम मला सांगायचंय तो ठेकेदार. नणंदेच्या ओळखीतला, लायसन्सवाला. आल्या आल्या माल काय लागेल हे त्याने सांगितलंच नाही. मला म्हणाला, ताई घरातलं सगळं चालू करा, दोन्ही एसी, गीझर, मोटर, आणि टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजतात तो) लावला, 30 अँपिअर. मीटरपाशी व्होल्टेज 195. तेवढ्यात लाइनमनने खांबावर मोजलं तर तिथे 224. म्हणजे 29 व्होल्ट वाटेतच जात होते. नियमात लो टेन्शनला, म्हणजे घरगुती लाइनला, 230 च्या सहा टक्के वर किंवा खाली चालतं, साधारण 216 ते 244, म्हणजे कंपनीचं खांबावर बरोबर होतं आणि मी इतके दिवस तक्रारी करत होते त्या चुकीच्या जागी. त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला, सहा एमएमला किलोमीटरला साधारण 4.6 ओहम, 160 मीटरचे पाऊण ओहम, गुणिले 30, बावीस-तेवीस व्होल्ट तारेतच गेले. बाकीचे कुठे? शेताच्या मधे एक जॉइंट होता, तो उतरवून माझ्या हातात दिला. टेप वितळून डांबरासारखी झाली होती, आत अल्युमिनियमवर पांढरी पूड आणि तांब्याचा एक तुकडा त्यालाच नुसता पिळून बांधलेला. अल्युमिनियम-तांबं असं सरळ जोडलं आणि पाऊस लागला की ते खातंच, मधे बायमेटल लग लागतो, म्हणजे एका बाजूला अल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला जोड.

मग लोड वाढवून थ्री फेजचा, म्हणजे एकाऐवजी तीन फेजच्या तारा आणि करंट परत नेणारी एक न्यूट्रल तार, असा अर्ज केला. कागद, टेस्ट रिपोर्ट सगळं त्यानेच केलं, मला फक्त दोन सह्या. केबल घ्यायला मला स्वतः महाराणी रोडला घेऊन गेला, चार दुकानं फिरलो, आणि दुकानदार साडेतीन कोरची (न्यूट्रल बारीक असलेली) स्वस्त पडेल म्हणत असताना हा अडून बसला, "भिया, न्यूट्रल पूरा चाहिये". चार कोर 16 एमएम आर्मर्ड (वर लोखंडी कवच असलेली), न्यूट्रल फेजएवढाच जाड. याचं कारण मला नीट समजावलं ते मी सगळ्यांना सांगते: थ्री फेजमधे न्यूट्रल तुटला ना, तर ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज 230 सोडून 400 कडे जाऊ शकतं आणि टीव्ही-फ्रिज एका झटक्यात उडतात. म्हणून न्यूट्रलच्या टोकाच्या लगला डबल क्रिंप केलं, म्हणजे दोन जागी दाबून घट्ट केलं, आणि न्यूट्रलमधे कुठेही फ्यूज ठेवला नाही. तीन फेजमधे करंट वाटला जातो, न्यूट्रलमधून थोडाच परत येतो, म्हणून 16 एमएमवर आता दीड-दोन व्होल्टच पडतात.

मधे दोन खांब घेतले, 8 मीटरचे सिमेंटचे, दीड मीटर जमिनीत. आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, नुसती माती लोटून उभे केले तर दुसऱ्या वर्षी खांब झुकतात, म्हणून त्याने तळाला काँक्रीट घातलं. रस्ता ओलांडते तिथे तार 5.8 मीटरच्या खाली येऊ दिली नाही, ऑक्टोबरमधे सोयाबीनच्या भरलेल्या ट्रॉल्या तिथूनच जातात. भिंतीत शिरायच्या आधी केबलला खाली एक झोल दिलाय, पावसाचं पाणी तिथेच ठिबकतं, मीटरच्या पेटीत उतरत नाही. अर्थिंग नवीन, आणि 30 मिलीअँपचा चार पोलचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच.

तक्रारी पण आहेत. पंधरा दिवस म्हणाला, लागले पाच आठवडे, त्यातले तीन कंपनीच्या मंजुरीत गेले हे खरं पण फोन उचलायला काय होतं. बिल एका ओळीत दिलं, मला मागून मागून मालाचं आणि मजुरीचं वेगळं करून घ्यावं लागलं. आणि दोन्ही एसी एकाच फेजवर जोडून गेला होता, मला ते मीटरच्या आकड्यावरून दिसलं, बोलावलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बदलून गेला, पैसे घेतले नाहीत. कंपनीचं डिपॉझिट आणि चार्ज सोडून मला 52,000 पडले, त्यात निम्म्याहून जास्त केबल आणि खांब.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाल्यावर तो न बोलावता आला, ओळंबा लावून दोन्ही खांब बघितले, लगचे बोल्ट एकदा परत आवळले. परवा रात्री आठला सगळं चालू असताना मी मीटरपाशी मोजलं, 221. सासूबाईंनी विचारलं मोटर चालू आहे का, आवाजच येत नाही.