ओपन कारचा टॉप बदलून घेताय? माझे ६४,५०० रुपये गेलेत, आधी हे वाचा

३५,००० यूपीआयने, २३,००० रोख आणि वर ६,५०० "वॉटरप्रूफ कोटिंग"चे. एकूण ६४,५००. बदल्यात मिळालं काय, तर जूनच्या पहिल्या धो धो पावसात हिंदमाताच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या मांडीवर टपटप पाणी, आणि ते पण काळं, कापडाचा रंग सुटलेला.

गाडी मॉरिस मायनर टूरर, बाबांची. मुंबईत ओपन गाडी बाळगणाऱ्याला सांगायला नको की मे संपायच्या आत टॉप झाला नाही तर चार महिने गाडी गेलीच. सीट कव्हरवाले गल्लोगल्ली सापडतात, पण जुन्या गाडीचा हूड, म्हणजे हा कापडी टॉप, मापात शिवणारा कारागीर शोधून दाखवा. ओळखीच्याने नंबर दिला, मी गेलो. कोणीही गेलं असतं.

त्याने दाखवलेला नमुना अस्सल मोहेअरचा, म्हणजे ओपन गाडीच्या टॉपसाठीच्या खास कापडाचा होता. कापलेल्या कडेला तीन थर दिसतात, वर कापड, मधे रबर, आत सुती अस्तर. मी हात लावून बघितलं, असंच नाही दिले पैसे. नंतर काम चालू असताना गेलो तर टेबलावर उरलेला तुकडा पडलेला, त्याच्या कडेला रबर नव्हतंच. वर काळं कापड, खाली पांढरी जाळी, संपलं. विचारलं तर म्हणे "साहेब, लॉट वेगळाय, हे नवीन टेक्नॉलॉजीचं", आणि लगेच बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं, थेंब मोत्यासारखे घरंगळले. अरे, सिलिकॉनचा स्प्रे मारला तर गोणपाटावरून पण घरंगळतील! तो तुकडा अजून डोळ्यासमोरून जात नाही. पण तेव्हा करणार काय होतो, जुना टॉप फाडून काढलेला, गाडीचा नुसता सांगाडा उभा, ३५,००० अडकलेले. हे लोक बरोबर तिथेच पकडतात. जुना टॉप, फाटका का असेना, नवीन बसेपर्यंत काढू देऊ नका.

यूपीआयवर नाव पण भलतंच होतं, "मेव्हण्याचा नंबर आहे साहेब". बिल मागितलं तर "मग १८ टक्के वर पडतील". नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, आणि ते १८ टक्के द्या, खरंच द्या.

शिवण साध्या सुती दोऱ्याची निघाली, सुईच्या भोकाभोकातून पाणी. काचेवरच्या पट्टीला रबर लावलंच नव्हतं. कार्पेटखालचा फेल्ट स्पंजसारखा भिजला, आणि या गाडीला वेगळी चॅसी नसते, तळ आणि सिल (दाराखालची पत्र्याची कड) हीच तिची ताकद, ते गंजले की गाडी मधून वाकते. फेल्ट उचलून सुकवा, दाराखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, ओला टॉप कधीही घडी करून ठेवू नका.

आता पोलीस. "काका, सिव्हिल मॅटर आहे. माल तर दिलाय ना त्याने?" मी बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) फसवणुकीचं ३१८ कलम काढून दाखवलं तर हसले, हौसेची गाडी आहे म्हणून मला फसवलं तर चालतं बहुतेक. वर्कशॉप त्यांच्या हद्दीत नाही म्हणून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, तिथले म्हणाले पैसे कुठून पाठवले, मग तिकडेच जा. अर्ज घेतला पण पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. साहेब कधीच जागेवर नसतात! हेल्पलाईनवर तक्रार नंबर मिळाला आणि काही दिवसांनी "निकाली काढली" असा मेसेज. कोणी काढली, कशी काढली, पत्ता नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाईन तक्रार टाकलीय. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. रोख २३,००० ची पावती नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने टाकलेलं "२३ मिळाले" एवढंच हातात आहे. चॅट डिलीट करू नका.

तो अजून ऑर्डर घेतोय, नंबर तेवढा बदललाय. मोहेअरचा टॉप कोणी ५८,००० ला सांगितला तर आधी आख्खा रोल समोर आणायला लावा आणि त्यातूनच कोपरा कापून मागा.