सिक्कीम की मेघालय? सात दिवसांच्या सहलीचा हिशोब

सात दिवसांत दोन्ही राज्ये उरकायचा बेत करू नका, निम्मी सुट्टी गाडीत जाईल. एकच निवडायचे तर आधी सोबत कोण आहे ते बघा. सिक्कीममध्ये दम लागतो, मेघालयात गुडघे बोलतात.

सिक्कीम १९७५ साली भारतात आले. क्षेत्रफळ ७,०९६ चौ.किमी., म्हणजे १९७२ साली राज्य झालेल्या मेघालयाच्या (२२,४२९ चौ.किमी.) एक तृतीयांशही नाही. पण नकाशावर जाऊ नका. राजधानी गंगटोक ते उत्तरेचे लाचेन गाव, सुमारे १२५ किमीला सहा तास सहज लागतात. तिथून गुरुडोंगमार तलावाला पहाटे चारला निघतात, कारण दुपारी वर वारा उभे राहू देत नाही. गंगटोक साडेपाच हजार फुटांवर, तलाव जवळपास १७,८०० फुटांवर. घाईने चढलात तर डोकेदुखी, उलट्या ठरलेल्या. म्हणून दोन रात्री गंगटोकला काढा, मग लाचेन. हृदयाचा, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी हा तलाव सोडावाच.

सिक्कीमच्या सीमाभागात जायला परवाना लागतो; त्यासाठी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट आणि फोटो न्या, नुसत्या आधारवर विसंबू नका. चीन सीमेवरची नथुला खिंड सोमवार-मंगळवार बंद असते. पावसाळ्यात तीस्ताकाठच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्यामुळे परतीच्या विमानाआधीची रात्र सिलिगुडीत ठेवा.

मेघालयात भारतीयांना परवाना लागत नाही. गुवाहाटीहून शिलाँग १०० किमी, साधारण तीन तास. खरी परीक्षा नोंगरियाट गावच्या दुमजली मूळपुलाची (झाडाची जिवंत मुळे गुंफून केलेला पूल): टिर्ना गावाहून तीन हजारांवर पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. उतरताना काही वाटत नाही, परतताना मांड्या थरथरतात. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी लवकर उतरा, नाहीतर खालीच मुक्काम करा. गुडघे दुखत असतील तर मावलिन्नोंगजवळचा रिवाईचा मूळपूल बघा, तिथे थोड्याच पायऱ्या आहेत.

दावकीची उमंगोट नदी नोव्हेंबर ते मार्च नितळ असते. होडीची सावली तळाच्या गोट्यांवर सरकताना दिसते. पावसाळ्यात तीच गढूळ. ३४० मीटरचा नोहकालिकाई धबधबा मात्र पावसाळ्यात भरतो आणि फेब्रुवारीत दोरीएवढा उरतो. दोन्ही हवे असतील तर दिवाळीची सुट्टी गाठा. मे महिन्यातच जमणार असेल तर सिक्कीम घ्या, तेव्हा मेघालयात जोरदार पाऊस सुरू झालेला असतो.

शिलाँगमध्ये रविवारी बरीच दुकाने बंद असतात. खरेदी शनिवारीच उरका, खेड्यांकडे निघण्याआधी रोख रक्कमही काढून ठेवा.